मीठ कमी, सुसंगती चौऱ्याऐंशी टक्के

हॉटेलात चौदा खोल्या होत्या, एक लिफ्ट होती आणि मालकीणबाईंना सर्व विषयांवर ठाम मत होतं. यांपैकी लिफ्ट अधूनमधून बंद पडे.

उशी किती जाड असावी, चाकांची बॅग ओढत आणणाऱ्याचा स्वभाव कसा असतो, नवराबायकोपैकी खोलीची किल्ली कुणाच्या खिशात असावी, या सगळ्याचा निकाल बाईंनी केव्हाच लावून टाकला होता. पाहुणा दारातून आत आला की बाई आधी त्याचे बूट बघत, मग चेहरा, आणि मग खोली ठरवत. "तुम्हाला सात नंबर. खिडकी रस्त्यावर उघडते. तुमच्यासारख्यांना शांतता मानवत नाही." पाहुणा फणफणत वर जाई आणि सकाळी डोळे चोळत खाली येऊन म्हणे, "झोप मात्र मस्त लागली हो." बाई म्हणत, "लागणारच." माणसं पुन्हापुन्हा याच हॉटेलात का उतरतात, हे कोडं शेजारच्या दोन्ही हॉटेलांना सुटलेलं नव्हतं.

रोज सकाळी अकरा वाजता बाई स्वयंपाकघरात जात. तिथे बावीस वर्षं एकच आचारी होता. बाईंपेक्षा तीन वर्षांनी लहान, पण सगळं हॉटेल त्यांना मामा म्हणे, म्हणून बाईही म्हणत. मामा पातेल्यातलं चमचाभर सूप पुढे करत. बाई चाखत, भिंतीकडे बघत आणि म्हणत, "मीठ कमी आहे."

"हो बाई," मामा म्हणत, आणि त्यात काहीही घालत नसत.

एवढंच. बाईंची आई शेवटचे सात महिने एक नंबरच्या खोलीत अंथरुणाला खिळून होती. तेव्हा मामा रोज दुपारी सूप फडक्यातून गाळून स्वतः वर नेत आणि वाटी रिकामी होईपर्यंत दाराशी उभे राहत. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई बरोबर अकराला आल्या, चमचा तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे." मामांना काय कळायचं ते कळलं. बाईंना आभार मानता येत नाहीत, हे हॉटेलात एकट्या मामांना ठाऊक होतं. बाकीचे समजत, बाईंना मीठ जास्त लागतं.

अशा सुरळीत चाललेल्या संस्थेत एका वाहिनीची पटकथालेखिका आठ दिवस पाच नंबरात राहून गेली. ती सारखी वहीत लिहीत बसे. जी इतकं लिहिते तिचं घरात कुणी ऐकत नसणार, असं बाईंचं मत पडलं. महिन्याभरात वाहिनीची माणसं एकशे बारा पानांचा करार घेऊन दारात हजर झाली. एका मतलबी नव्हे, पण भारी मतवाल्या हॉटेलमालकिणीवर आणि तिच्या माणसांवर विनोदी मालिका काढायची होती.

करारातली अक्षरं मुंगीएवढी होती. "एकदा वाचून घ्या," वाहिनीचा माणूस म्हणाला. तसं म्हणणं त्याच्या नोकरीचा भाग होता.

"बारीक अक्षर वाचणारी माणसं संशयी असतात," बाई म्हणाल्या, "आणि संशयी माणसांना मी खोलीसुद्धा देत नाही." आणि सही ठोकून मोकळ्या झाल्या. त्या आवारातले बाईंच्या बिनपरवाना मतांचे दिवस त्या सहीबरोबर भरत आले.

मालिका दणक्यात सुरू झाली. तिच्यातली मालकीण उठताबसता माणसांचा पाणउतारा करी. तिच्यातला आचारी दर भागात काहीतरी करपवी. मग मालकीण "मीठ कमी आहे!" असं किंचाळून त्याच्या डोक्यात पळी घाली. पळी लागली की कुठेही न दिसणारी तीनशे माणसं खदाखदा हसत. लिफ्टही दर भागात बंद पडे. तेवढा तपशील खरा होता.

हॉटेलातली सगळी जेवणाच्या हॉलमध्ये बसून मालिका बघत. खोल्या आवरणाऱ्या मावशी पहिल्या दिवशी भडकल्या. "अगंबाई, मी काय अशी कंबर हलवत झाडू मारते?" आठवड्याने त्या तशाच मारू लागल्या, कारण पाहुणे फोटो काढत. मामा तर गुडघ्यावर थापा मारून हसत. "काय गाढव आहे हो हा आचारी! कांदा समजून बटाटा चिरतोय! बाई, असल्याला कुणी दारात तरी उभं करेल का?"

बाई हसत नसत. किंचाळणाऱ्या बायकांविषयी त्यांचं एक मत होतं, पण ते सांगायच्या आतच चौदाव्या दिवशी सुसंगती अधिकारी आला.

हा वाहिनीचा माणूस. कोवळा चेहरा, इस्त्रीचा शर्ट, काखेत फाईल. हॉटेल आणि मालिका यांत फरक पडू नये, हे बघणं त्याचं काम. त्याने चार नंबरात मुक्काम ठोकला आणि बाईंसमोर कलम एक्केचाळीस उघडलं. आवारात मालकिणीच्या तोंडून निघणारं प्रत्येक मत ही वाहिनीची मिळकत होती. मालिकेत येण्याआधी ते बाहेर फुटू नये, यासाठी मत व्यक्त करण्यापूर्वी अर्ज करायचा. तीन प्रतींत. मत सौम्य, मध्यम की झणझणीत, त्या चौकटीत खूण करायची. निर्णय कामकाजाच्या चार दिवसांत.

"आणि नाही केला अर्ज तर?"

"तर इमारत, पाटी आणि तुमचं 'मालकीणबाई' हे संबोधन नव्वद वर्षांसाठी वाहिनीकडे जातं. माझं वैयक्तिक काही नाही हं, काकू. मला तुमची मालिका फार आवडते."

"काकू कुणाला म्ह–" बाईंनी तोंडावर हात ठेवला.

"हे झणझणीत सदरात मोडलं असतं," अधिकारी समजुतीने म्हणाला.

त्याच दुपारी नऊ नंबरातल्या गृहस्थाने ओला टॉवेल गादीवर टाकलेला बाईंनी उघड्या दारातून बघितला. पूर्वी त्याचं काय झालं असतं, ते सांगायला नको. बाई खाली आल्या, अर्ज भरला, 'मध्यम'वर खूण केली. पाचव्या दिवशी मंजुरी आली. तोवर गृहस्थ गावी पोचला होता, टॉवेल वाळला होता आणि गादीला बुरशी धरली होती. मंजूर मत वाया जाऊ नये म्हणून अधिकाऱ्याने ते बाईंकडून रिकाम्या गादीसमोर वदवून घेतलं.

खोल्या आता बूट न बघता यादीने मिळू लागल्या. शांतता हवी असणारे रस्त्याच्या बाजूला तळमळू लागले, रस्ता हवा असणारे मागच्या बाजूला घाबरून दिवा लावून बसू लागले. तक्रारी आल्या, पण त्या निराळ्याच. "आम्हाला अजून कुणी टाकून बोललं नाही." "लिफ्ट दोनदा वापरली, दोन्ही वेळा नीट चालली. पैसे परत मिळतील का?" अधिकाऱ्याने दिवसातून दोनदा लिफ्ट बंद पाडण्याचं वेळापत्रक लावलं. गंमत म्हणजे त्या वेळा सोडून ती आता कधीच बंद पडेना.

आणि अकराचा चमचा?

पहिल्या दिवशी बाई सवयीने स्वयंपाकघरात गेल्या. मामांनी चमचा पुढे केला. बाईंनी चाखलं, भिंतीकडे बघितलं आणि तोंड उघडलं. दारात अधिकारी फाईल घेऊन उभा होता. "ते वाक्य मालिकेचं शीर्षकवाक्य आहे. पळीशिवाय म्हणता येणार नाही."

बाईंनी पळीकडे बघितलं, मामांकडे बघितलं आणि न बोलता बाहेर गेल्या.

"बाई?" मामा मागून म्हणाले. "काही चुकलं का?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा मामांना मिठाचा अंदाज येईना. कमी आहे म्हणणारं कुणी असलं, तर बरोबर आहे हे माणसाला कळतं. इथे कुणी काहीच म्हणेना. त्यांनी चिमूटभर घातलं. मग आणखी चिमूटभर. आठवड्यात सूप खारट झालं, पंधरवड्यात मामा ते ढवळता ढवळता विचारात पडले आणि शेजारची भाजी करपली. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. "अगदी मालिकेसारखं!" एक पाहुणी करपलेला बटाटा रुमालात बांधून लेकीसाठी घेऊन गेली. अधिकाऱ्याने दर्शनी भिंतीवर फलक लावला: सुसंगती चौऱ्याऐंशी टक्के.

मामा त्या फलकासमोर बराच वेळ उभे होते. "मावशी, हे चांगलं आहे की वाईट?"

"टक्के आहेत म्हणजे चांगलंच असणार," मावशी म्हणाल्या आणि कंबर हलवत पुढे गेल्या.

मग मालिकेचा शेवटचा भाग जवळ आला. वाहिनीने प्रेक्षकांचा कौल मागवला. आचारी राहावा की जावा? कौल मोबाइलवरून, मोफत. जे कळवणार नाहीत त्यांचा कौल 'जावा' धरण्यात येईल, कारण मौन ही संमती असते. देशभर या प्रश्नावर घराघरांत भांडणं झाली. निकाल लागला: 'जावा', त्र्याण्णव टक्के. मालिकेतला आचारी डोक्यावर पातेलं घालून हॉटेलाबाहेर गेला आणि न दिसणारी तीनशे माणसं उभी राहून हसली.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्याने कलम अठ्ठ्याऐंशी उघडलं. मालिकेत जे घडेल ते आठ दिवसांत हॉटेलात घडवून आणायचं होतं.

बाईंनी अर्ज केला. तीन प्रतींत, स्वतःच्या अक्षरात. मताचा मजकूर: 'मामा राहतील.' सौम्य, मध्यम, झणझणीत, यांतल्या कुठल्या चौकटीत खूण करायची ते त्यांना समजेना, म्हणून तिन्ही चौकटींत केली. उत्तर पाचव्या दिवशी आलं. 'नामंजूर. सदर मत पात्राच्या स्वभावाशी विसंगत. मायेसाठी मालिकेत स्वतंत्र सासूची नेमणूक केलेली आहे.'

बाई ते पत्र घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. मामा सुऱ्या फडक्यात गुंडाळत होते. चाळणी, गाळायचं फडकं, जुनं पातेलं पिशवीत गेलेलं होतं.

"त्र्याण्णव टक्के," मामा म्हणाले. "बाई, एक सांगू? रागावू नका."

बाई रागावू शकत नव्हत्या. अर्ज केलेला नव्हता.

"मीपण 'जावा'च दाबलं हो. तो भाजी करपवतो, कांदा ओळखत नाही, म्हटलं असल्याला कशाला ठेवायचं? मावशींनीपण दाबलं. आम्ही दोघं हसत हसत दाबलं." मामा पिशवीची गाठ मारत राहिले. ती आधीच मारलेली होती. "आपलाच आचारी आहे तो, हे डोक्यातच आलं नाही."

बाईंनी काउंटरमागची आपली खुर्ची उचलली. लाकडी, हात असलेली, चांगली जड. मावशी मदतीला धावल्या तर त्यांना नजरेने बाजूला केलं. खुर्ची घेऊन बाई फाटकाबाहेर गेल्या, रस्ता ओलांडला आणि समोरच्या फुटपाथवर, बंद पडलेल्या छत्रीदुरुस्तीच्या दुकानापुढे ती टेकवून बसल्या. करार आवारापुरता होता. अधिकारी फाटकात येऊन थांबला. त्याच्या बुटांचं टोक नेमकं हद्दीवर होतं.

पाठोपाठ पिशवी घेऊन मामा बाहेर पडले. रस्त्याकडच्या खिडक्या उघडल्या. सगळ्या खोल्यांमधले पाहुणे त्यांत गर्दी करून मोबाइल धरून उभे राहिले.

"मामा," बाईंनी हाक मारली. आवाज चिरका लागला, बरेच दिवस न वापरलेला. "मीठ कमी आहे."

मामा रस्त्याच्या मधोमध थांबले. "कशात, बाई?"

"कशातही! तुम्ही गेलात तर कशातही!"

सगळ्या खिडक्यांतून हसण्याचा एकच कल्लोळ उठला. लोकांना वळण लागलं होतं, ते वाक्य आलं की हसायचं. फक्त मामा हसले नाहीत. ते रस्ता ओलांडून आले, पिशवी खुर्चीशेजारी ठेवली आणि म्हणाले, "हो बाई."

बाई फाटकाच्या आत परतल्याच नाहीत. आता छत्रीच्या दुकानात मामांचं पातेलं असतं. सूप पूर्वीसारखं झालंय. समोर हॉटेलात काउंटरवर मालिकेत मालकीण झालेली नटी बसते, ठरलेल्या वेळी किंचाळते आणि दुपारी रस्ता ओलांडून जेवायला इथे येते. बाई तिचे बूट बघून तिला बसायची जागा सांगतात. ती मुकाट्याने बसते.

परवा अधिकारी आला. हद्द ओलांडून, हातात नवा करार. फुटपाथवर दुसरी मालिका काढायची आहे म्हणे, लोकांची फार मागणी आहे. "काकू, सही तेवढी."

"काकू कुणाला म्हणतोस रे? आधी सूप पी, तोंड वाळलंय. आणि शर्टाला इतकी कडक इस्त्री करू नये, माणूसही तसाच होतो." एवढं बोलून बाईंना जरा हलकं वाटलं. मग त्यांनी चष्मा मागवला आणि आयुष्यात पहिल्यांदा बारीक अक्षर वाचायला घेतलं. मामा मागे उभे राहून भिंग धरत होते. शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत कलम दोनशे तीन होतं:

'सदर प्रकरण बघताना, ऐकताना अथवा वाचताना ज्या व्यक्तीस कोणत्याही टप्प्यावर हसू आले असेल, ती व्यक्ती प्रेक्षक समजण्यात येईल, आणि तिने आचाऱ्याबाबत 'जावा' असा कौल दिल्याचे गृहीत धरण्यात येईल. हरकत असल्यास तीन प्रतींत कळवावी.'

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मान वर केली. सवयीप्रमाणे आधी तुमचे बूट बघितले, मग चेहरा.

खोली अजून ठरायची आहे.