मनोहरकाका सोनं काढतात

उदबत्तीचा वास आला की लोकांना प्रसन्न वाटतं. मी खिडक्या लावायला धावतो. कारण शेजारचे मनोहरकाका उदबत्ती देवाला लावत नाहीत, वारा कुठे वाहतोय ते बघायला लावतात. धूर मागच्या पडीक वावराकडे गेला की ते अंगणात अॅसिडची बरणी उघडतात आणि जुन्या मोबाइलच्या पट्ट्यांतलं सोनं काढायला बसतात. इथे, नाचणगावात, माझ्या आईच्या उशापासून एका भिंतीच्या अंतरावर!

आईला दमा आहे. मी जन्माचा भित्रा, पण ही भीती तिच्या श्वासाची होती.

काकांचं पुलगावला टीव्ही-मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. मूलबाळ नाही. काकू गेल्या, दुकान उठलं आणि भंगाराची पोती घरी आली. आमच्याकडच्या उन्हाळ्यात चपला डांबराला चिकटतात, आणि हा गृहस्थ भर मे महिन्यात रेनकोट, हेल्मेट, गॉगल आणि कोपरापर्यंत रबरी मोजे घालून उभा. एकदा दूधवाला किंचाळून पळाला.

"सगळं शेफ्टीनं, बापू!" हेल्मेटातून आवाज यायचा. "पयले पाणी, मंग तेजाब. उलटं केलं का माणूस फोटोत."

"अहो काका, गुंजभर सोनं विकत आणा ना!"

"इकतचं नाई पायजे."

"मी तक्रार करीन हं."

"कर न. पोलिसाले मास्क लावून या म्हणजो."

मी घरात येऊन आईच्या खोलीच्या फटींत चिंध्या कोंबायचो. ती म्हणायची, "भाऊजी चांगले आहेत रे." आणि उशाखालचा पंप चाचपायची. ते बघून मी आणखी चिंध्या शोधायचो.

गेल्या आठवड्यात दुपारी वारा फिरला. बरणीतून विटकरी धूर निघत होता आणि उदबत्तीची रेघ सरळ आमच्या खिडकीकडे वळली. मी ओरडलो. काकांनी एकदा खिडकीकडे पाहिलं, बरणी उचलली आणि आपल्या स्वयंपाकघरात शिरून दार-खिडक्या लावून घेतल्या. आत ते, धूर आणि खोकला.

मी तोंडाला ओला टॉवेल बांधून दाराला लाथा घातल्या. कडी तुटली. काकांना रेनकोटासकट ओढून बाहेर काढलं. ओठ निळे पडले होते. रिक्षात मी वाटभर देवाचं नाव घेत होतो, कुठल्या देवाचं ते आता आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ते नाकाला नळी लावून पडले होते. मी आधी रडलो, मग भडकलो.

"धूर घेऊन घरात काऊन घुसले तुम्ही? अक्कल आहे का?"

"तुह्या मायले दमा आहे न," ते म्हणाले. जणू मीच मूर्ख.

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. आत मोहरीएवढा सोन्याचा मणी.

"माह्या तोंडात टाकाले. मेल्यावर टाकतेत न सोनं. मले कोण आहे टाकणारं? तू टाकजो."

मी पुडी घाईघाईनं मिटली. "काहीतरीच काय बोलता! आणि एवढ्यासाठी जीव घालवत होतात? सोनाराकडे मिळतो की मणी."

"सोनाराचा काय कामाचा?" ते खोकत हसले. "तुही काकू जलमभर बोलली मले. म्हणे, घरात भंगार भरून राह्यले, यातून का सोनं निघणार आहे? आता वर गेलो का बोलाचं कायी नाई. तिच्यापुढं फक्त तोंड उघडतो."