पाणमांजर आणि आजची हवा

निसर्गनिरीक्षणाला तीक्ष्ण नजर लागते, असा एक गैरसमज आहे. खरं तर लागतं ते चांगलं वळण. इंग्लंडातल्या लोअर पिडलकोम्ब गावच्या निसर्ग मंडळाकडे ते भरपूर होतं.

देशी वन्यजीवांच्या शोधात मंडळाने रान, माळ, दलदल आणि समुद्रकिनारा पालथा घातला होता. रानात बिळात राहणारा बिज्जू सापडला नाही, दुसरं निसर्ग मंडळ सापडलं. माळावरचा साप कुणाचा तरी कमरपट्टा निघाला. दलदलीत मंडळाचे खजिनदार सापडले (ते हरवलेत हे तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं). किनाऱ्यावर समुद्रपक्ष्यांनीच मंडळाचं बारकाईने निरीक्षण केलं आणि बिस्किटं नेली.

उरलं गावचं तळं. ते बुजवून तिथे गाड्या उभ्या करायच्या, असं गावचा कारभार बघणाऱ्या परिषदेने ठरवलं होतं. मात्र पाणमांजराला कायद्याचं संरक्षण होतं; परिषदेच्या अधिकाऱ्यासमोर दोघा सभासदांनी "हे बघा पाणमांजर" असं तोंडाने म्हटलं, तर तळं वाचणार होतं. अध्यक्ष विनिफ्रेड थ्रपबाईंचा जीव त्या तळ्यात होता. नवरा गेल्यापासून रोज सकाळी त्या तिथेच बसत.

अधिकारी ऑग्डेनसाहेब आले. सतरंजी अंथरली, चहा ओतला. इतक्यात पाण्यातून पाणमांजर निघालं, डुलत डुलत आलं आणि साहेबांच्या बशीतलं माशाचं सँडविच मचामचा खाऊ लागलं.

दुसऱ्याच्या बशीत बघणं त्या गावाच्या रीतीत बसत नाही. सगळ्यांनी माना वर केल्या.

"ढग आलेत," खजिनदार म्हणाले.

"छे हो, पाऊस नाही यायचा. माझा गुडघा सांगतो ना," साहेब म्हणाले. त्या गुडघ्यावर आता ओली शेपटी होती.

थ्रपबाईंना रडू फुटायचंच बाकी होतं.

"साहेब..." त्या म्हणाल्या. मंडळाने श्वास रोखला. "...आणखी एक सँडविच घ्या ना."

"घेतो की!"

तेही पाणमांजरानेच खाल्लं.

अहवाल आला. वन्यजीव : निरंक. आदरातिथ्य : उत्तम. तळं बुजलं. थ्रपबाई अजूनही रोज सकाळी तिथे जातात, एका निळ्या गाडीमागे खुर्ची टाकतात, आणि कुणी विचारलंच तर हवा छान आहे म्हणतात.

हसलात? हसा. पण तुमच्या गावचं तळं बुजत होतं, तेव्हा काठावर तुम्हीही होतात. शेजाऱ्याला काय म्हणालात, आठवतंय?

"यंदा उकाडा जरा जास्तच आहे, नाही?"