हिरव्या रंगाचं दुखणं

मंगळवार, ९ मार्च २०२१. सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या एका रुग्णालयात वल्लरीचं सिझेरियन पार पडलं. बाळ सुखरूप होतं. टाके घालण्यापूर्वी जखमेत जी-४१ नावाचं चार मिलिलिटर जेल सोडण्यात आलं आणि वल्लरी सहभागी क्रमांक ११९ झाली.

दुखणं मोजता येतं, हे आधुनिक वैद्यकाने केव्हाच मान्य केलं आहे. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून जास्त कल्पनाही करवत नाही. मधल्या आकड्यांचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा. तापाला थर्मामीटर लागतो, रक्तदाबाला पट्टा लागतो. दुखण्याला फक्त माणूस लागतो, आणि तो खरं बोलतो असं धरून चालावं लागतं. (शास्त्राला गृहीतकं वर्ज्य नाहीत. ती तळटीपेत टाकली की झालं.)

जी-४१ हे बधिरतेचं औषध मिसळलेलं जेल. ते टाक्यांखाली तीन दिवस हळूहळू विरघळतं आणि जखमेला दुखू देत नाही. ज्या बाईला दुखत नाही तिला खाट लागत नाही, आणि महामारीच्या त्या वर्षी रुग्णालयांना बाळंतिणीपेक्षा खाटेची काळजी जास्त होती. म्हणून अभ्यास असा आखला गेला की सिझेरियननंतर चोवीस तासांत बाईला घरी पाठवायचं, आणि तिच्या दुखण्याचा अंक दिवसातून तीनदा फोनवरच्या ॲपमध्ये भरून घ्यायचा. एकशे वीस बायका हव्या होत्या. फेब्रुवारीअखेर एकशे अठरा मिळाल्या.

वल्लरीला हे जेल कुणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं. पुण्यात औषधनिर्माणशास्त्र शिकून ती इथल्या विद्यापीठात आली आणि जेल घट्ट होत नव्हतं तेव्हापासून ते घट्ट होईपर्यंत तीन वर्षं प्रयोगशाळेत उभी राहिली. अभ्यासाशी संबंधित कर्मचाऱ्यांना सहभागी होता येत नाही, असा नियम होता. पण दोन बायका कमी होत्या आणि वल्लरी आठ महिन्यांची गरोदर होती. नीतिमत्ता समितीने पडद्यावर दोन तास बैठक घेऊन मार्ग काढला. कर्मचारी सहभागी होऊ शकते. मात्र जेलच्या यशात तिचं हित गुंतलेलं असल्याने तिच्या दुखण्याचा अंक तिने भरू नये. तो ‘घरातील अन्य प्रौढ, निःपक्षपाती व्यक्तीने’ भरावा.

घरात अन्य प्रौढ एकच होता. तो म्हणजे नवरा, नीळकंठ. त्याच्या निःपक्षपातीपणाची चौकशी समितीने केली नाही. व्यवसायाच्या रकान्यात ‘आयटी’ लिहिलं होतं, ते पुरेसं वाटलं.

नीळकंठ अकरा वर्षं प्रकल्प सांभाळत होता, पाच पुण्यात आणि सहा इथे. दर शुक्रवारी क्लायंटला प्रकल्पाची स्थिती कळवायची, हे त्याच्या कामाचं सार. स्थितीचे रंग तीन. हिरवा म्हणजे सगळं सुरळीत. पिवळा म्हणजे क्लायंट मीटिंग लावतो आणि त्या मीटिंगमध्ये नऊ माणसं पिवळं का झालं ते विचारतात. लाल म्हणजे काय होतं हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण अकरा वर्षांत नीळकंठने लाल दिलेलं नव्हतं. दोन प्रकल्प बंद पडले ते हिरवे असतानाच. (त्यांपैकी एकासाठी त्याला प्रशस्तिपत्रक मिळालं.)

अभ्यासाचं ॲप उघडल्यावर त्याला घरी आल्यासारखं वाटलं. शून्य ते तीन हिरवा, चार ते सहा पिवळा, सात ते दहा लाल. पिवळ्याखाली चौदा जास्तीचे प्रश्न उघडत आणि परिचारिकेचा फोन येई. लाल दिल्यास ती घरी येई.

बुधवारी दुपारी वल्लरी घरी आली. घर दुसऱ्या मजल्यावर आणि जिना इथल्या पद्धतीचा, म्हणजे शिडीला कठडा लावावा तसा. रुग्णालयाच्या माहितीपत्रकात ‘पहिले दोन आठवडे जिने टाळावेत’ असं होतं. ते पत्रक वाचत ती चढली.

नेदरलँड्समध्ये बाळंतिणीच्या घरी आठ दिवस सरकारमान्य सेविका येते, आणि ही व्यवस्था जगात वाखाणली जाते. वल्लरीकडे आफ्के नावाची अनुभवी बाई आली, ती तीन दिवस. उरलेले दिवस महामारीमुळे व्हिडिओवर. आफ्केने बाळाला न्हाऊमाखू घातलं, वजन केलं, वहीत लिहिलं. जखमेवरची पट्टी अभ्यासाची असल्याने तिला हात लावायची परवानगी नव्हती. जाताना दीड मीटरवरून तिने बरं आहे ना, असं विचारलं. वल्लरी म्हणाली, हो. आफ्केने लिहिलं: ‘आई थकलेली. स्वाभाविक.’

नीळकंठही विचारत असे. सकाळी लॅपटॉप उघडण्यापूर्वी, दुपारी दोन मीटिंगच्या मध्ये आणि संध्याकाळी भात लावल्यावर. रजा होती, पण रजेवर आहोत हे क्लायंटला वाटू नये म्हणून तो मीटिंगला बसायचा. कसं आहे, असं तो स्वयंपाकघरातून विचारी. ठीक आहे, असं वल्लरी पलंगावरून सांगे. त्याने एक लिहिलं. कधी दोन लिहिलं, कारण सलग एक दिसलं तर तपासणारा संशय घेतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

शनिवारी जेल नियमाप्रमाणे संपलं. रविवारी वल्लरीला थंडी वाजली. सोमवारी सकाळी ताप अडतीस पूर्णांक आठ होता आणि कूस बदलायची तर पलंगाची कड धरावी लागत होती.

तिने डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला. तिथल्या सहायिकेने पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं आणि तुम्ही अभ्यासात आहात असं दिसतंय, तिकडे विचारा, म्हणाली. वल्लरीने अभ्यासाच्या कक्षात फोन केला. तिथली मुलगी ओळखीची निघाली; दोघी एकाच मजल्यावर कॉफी प्यायच्या. तिने वल्लरीचा आलेख उघडला आणि मनापासून अभिनंदन केलं. सगळा हिरवा होता. एकशे एकोणीस बायकांत इतका सपाट आलेख दुसरा नव्हता.

वल्लरी म्हणाली, आत्ता सात आहे.

मुलगी अवघडली. तो अंक वल्लरीकडून घेता येत नाही, हे वल्लरीलाही ठाऊक होतं. घरातल्या निःपक्षपाती व्यक्तीला फोन देता येईल का, असं तिने विचारलं.

निःपक्षपाती व्यक्ती मीटिंगमध्ये होती. वल्लरी भिंतीला धरत तिथवर गेली आणि तिने लॅपटॉप मिटला.

“तू काय भरतोयस रोज?”

“तू सांगतेस तेच.”

“मी काय सांगितलं?”

“ठीक आहे म्हणालीस.”

“ठीक आहे म्हणजे एक?”

नीळकंठ म्हणाला, “अगं, पिवळं दिलं असतं तर फोन आला असता त्यांचा.”

“त्यासाठीच असतं ते, नीळकंठ.”

ही गोष्ट त्याला अकरा वर्षांत कुणी सांगितली नव्हती. त्याने ताबडतोब सात भरले. ॲपने अंक स्वीकारला नाही. एका दिवसात तीनहून अधिक अंकांची वाढ ही टंकनचूक समजली जाते आणि पडताळणीला दोन कामाचे दिवस लागतात, अशी सूचना आली. सूचना सौम्य शब्दांत होती आणि तिच्याखाली फुलाचं चित्र होतं.

तेवढ्यात साताऱ्याहून वल्लरीच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. लेकीचं पहिलं बाळंतपण आईने करायचं, या रिवाजापुढे व्हिसाची बंदी आडवी आली होती. त्यामुळे सरलाताई बाळंतपण फोनवरून करत होत्या. एकतीस वर्षं त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, आणि पोट दुखत असलेलं पोर ‘काही नाही बाई’ म्हणताना कसं उभं राहतं हे त्यांना पाठ होतं.

“अशी का उभी आहेस तू?”

“काही नाही गं. ठीक आहे.”

“ते मी विचारलं नाही. फोन खाली धर. दिवा लाव. पट्टी वर कर.”

“आई, पट्टी उघडायची नाहीये. अभ्यासाची आहे.”

“अभ्यास मी घेईन त्यांचा. वर कर.”

वल्लरीने पट्टी वर केली. सरलाताईंनी फोन जावयाकडे द्यायला सांगितला.

“नीळकंठराव, गाडी बोलवा.”

पडताळणीला दोन दिवस लागणार आहेत, असं नीळकंठने सांगून पाहिलं.

“मग ते दोन दिवसांनी येऊ देत. तुम्ही आत्ता निघा.”

सात हजार किलोमीटरवरून, दोनदा अडकलेल्या चित्रावर केलेलं हे निदान कोणत्याही प्रमाणित पद्धतीत बसत नाही, हे इथे नमूद करणं भाग आहे. रुग्णालयात जखम तीन ठिकाणी उघडावी लागली. आत पू होता. वल्लरी पाच दिवस शिरेतून औषध घेत राहिली, त्याच खाटेवर, जी वाचवण्यासाठी तिला घरी पाठवलं होतं.

अभ्यासासमोर आता प्रश्न होता, आणि अभ्यासाने तो शास्त्रीय रीतीने सोडवला. जखमेत जंतुसंसर्ग होता, याबद्दल दुमत नव्हतं. त्या काळातल्या दुखण्याचे अंक एक, एक, दोन, एक असे निःपक्षपाती व्यक्तीने नोंदवलेले होते, याबद्दलही नव्हतं. म्हणजे जंतुसंसर्ग होऊनही दुखलं नाही. शिवाय हा परिणाम जेल संपल्यानंतरच्या दोन दिवसांतही टिकला. जी-४१च्या बाजूने इतका भक्कम पुरावा उरलेल्या एकशे एकोणीस जणींनी मिळूनही दिला नव्हता. (एकशे विसावी दरम्यान मिळाली होती.) अहवालात सहभागी क्रमांक ११९ साठी स्वतंत्र परिच्छेद लिहिला गेला.

वल्लरीने दुरुस्तीचा अर्ज केला. म्हणजे नीळकंठने केला, कारण नोंद त्याची होती. अर्जात दुरुस्तीच्या कारणासाठी चार पर्याय होते: टंकनचूक, वेळेची चूक, भाषेची अडचण, उपकरणातील दोष. ‘इतर’ हा पर्याय नव्हता. लोक त्यात काहीबाही लिहितात आणि ते मोजता येत नाही, म्हणून २०१९ मध्ये तो काढला गेला. काढणारीने तशी टीप खाली नावासह लिहिली होती. नाव वल्लरीचंच होतं.

“काय निवडू?” नीळकंठने विचारलं.

“खरं काय ते निवड,” ती म्हणाली.

त्याने ‘उपकरणातील दोष’ निवडलं. उपकरण कोणतं, हे अर्जात विचारलेलं नव्हतं.

शुक्रवार, ३० एप्रिलची स्थिती अशी. दुरुस्तीचा अर्ज प्रक्रियेत आहे. जी-४१च्या पुढच्या टप्प्याला मंजुरी मिळाली असून चारशे बायकांची नोंदणी सुरू झाली आहे. त्यांना सहीसाठी मिळणाऱ्या पत्रकात, जंतुसंसर्ग झाला तरी या जेलमुळे दुखत नाही, अशी आश्वासक नोंद आहे. वल्लरीच्या जखमेची पट्टी रोज सकाळी बदलली जाते. ते काम नीळकंठ करतो आणि करताना काही विचारत नाही, नुसतं बघतो.

वाचकांना मात्र इथवर येताना भलताच प्रश्न पडलेला असणार. तो स्वाभाविक आहे, त्यामुळे त्याचंही उत्तर नोंदवलेलं बरं. मुलगी झाली. तीन किलो दोनशे ग्रॅम. रंग आजीवर गेला आहे म्हणतात.

जखम भरली का, ते अजून कळलेलं नाही.