पाण्यात पाहिले

श्वास ही माणसाची खाजगी बाब आहे. मात्र तो पाण्याखाली घ्यायचा असेल, तर ती खात्याची बाब होते. जमिनीवर कोणीही उठतो आणि कोणालाही न विचारता दिवसाला वीस-बावीस हजार वेळा श्वास घेतो. त्याची कुठेही नोंद राहत नाही. पाण्याखाली असा मोकाट कारभार चालत नाही, तिथे निवड समिती लागते. आमच्या समितीचा मी सदस्य-सचिव होतो. हे काम किती काटेकोरपणे झाले ते लोकांना कळावे, एवढ्याचसाठी हे लिहीत आहे.

आमचे खाते शहराला तळ्याचे पाणी पुरवते. तळ्यात वीस मीटर खोल, पाणी आत घेणाऱ्या नळाचे तोंड आहे आणि त्यावर लोखंडी जाळी आहे. हिवाळ्यात जाळीवर पाला आणि शेवाळ बसते, नळांना पाणी कमी येते आणि लोक फोन करू लागतात. मग आमचा पाणबुड्या खाली जाऊन हातांनी जाळी साफ करतो. हे तो एकोणीस वर्षे करतो आहे. काठावर त्याची दोरी त्याचा मेहुणा धरतो (बायकोचा सख्खा भाऊ असल्यामुळे तो दोरी सोडणार नाही, असे आस्थापना शाखेचे मत आहे). त्या दिवसांत तळ्याचे पाणी चार अंशांवर असते.

पाणबुड्याच्या पाठीवर दाबून भरलेल्या हवेची टाकी असते. ती हवा तोंडाला सोसेल इतक्या बेताने देणारे यंत्र म्हणजे रेग्युलेटर. जुना झिजला म्हणून त्याने नवा मागितला. मागणीपत्र शिरस्त्याप्रमाणे विद्युत शाखेकडे गेले आणि त्या शाखेने तत्परतेने पंख्याचा रेग्युलेटर पाठवला, पाच वेगांचा. पाणबुड्याने तो परत केला (कारण नमूद नाही). त्यानंतर समिती नेमण्यात आली.

समितीत पाच सदस्य होते. पैकी दोघांना पोहता येत होते आणि एकाला पूर्वी येत असे. पाणबुड्याला घेतले नव्हते, कारण तो लाभार्थी होता. तरीही मोठ्या मनाने आम्ही त्याचे म्हणणे ऐकून घेतले.

"साहेब, साधा रेग्युलेटर गार पाण्यात गोठतो," तो म्हणाला. "टाकीतून सुटताना हवा आणखी गार होते. आत बर्फ धरतो, आणि झडप उघडी राहते ती राहतेच. मग हवा नुसती भसाभसा सुटत राहते. चार-पाच मिनिटांत टाकी रिकामी."

"म्हणजे हवा बंद पडत नाही?" अध्यक्षांनी विचारले.

"नाही साहेब. थांबतच नाही."

अध्यक्षांनी आमच्याकडे पाहिले. आमच्या खात्याच्या इतिहासात मागणीपेक्षा जास्त पुरवठा करणारे एकही यंत्र झालेले नव्हते. हा दोष नसून गुण आहे, अशी नोंद एकमताने करण्यात आली.

समितीपुढे तीन प्रस्ताव होते. पहिला रेग्युलेटर खास थंड पाण्यासाठी बनवलेला होता. आत पाणी शिरून गोठू नये म्हणून त्याचा मुख्य भाग कारखान्यातच सीलबंद केलेला होता. आता आमचा नियम असा, की वस्तू उघडून तपासल्याशिवाय घ्यायची नाही. उघडली तर सील तुटते, सील तुटलेली वस्तू सदोष ठरते आणि सदोष वस्तू घेता येत नाही. तो बाद झाला. दुसरा प्रस्ताव पाणबुड्याचाच होता: एकाच टाकीवर दोन वेगवेगळे रेग्युलेटर बसवावेत, म्हणजे एक गोठला तर तो बंद करून दुसरा तोंडात धरता येईल. माणसाला तोंड एकच असते, याकडे एका सदस्यांनी लक्ष वेधले (हे सदस्य पुढे बढतीवर गेले).

तिसरा रेग्युलेटर उबदार समुद्रात सहलीला जाणाऱ्यांसाठी होता. हलका, निळा आणि बैठकीच्या दालनातल्या पडद्यांना शोभणारा. त्याची चाचणी बादलीत घेण्यात आली. पाणी थंडच होते, पण सदस्यांना हात घालवेना म्हणून त्यात किटलीभर गरम पाणी ओतले. त्या पाण्यात निळा रेग्युलेटर अजिबात गोठला नाही. टाळ्या झाल्या, चहा झाला, निवड झाली.

निवड एकदाच होते, देखभाल मात्र जन्मभर करावी लागते. यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिले होते की वापरानंतर झाकण घट्ट लावून स्वच्छ पाण्याने धुवावे, पुरते सुकवावे, वर्षातून एकदा जाणकाराकडून उघडून आतल्या रबरी कड्या बदलाव्यात, आणि काठावर थंडीत उगाच त्यातून श्वास घेऊ नये, कारण तोंडाची वाफ आत गोठते. आम्ही बारकाईने विचार केला. धुतले की ओले होते आणि ओले झाले की सुकवावे लागते. म्हणजे सगळ्या कटकटीचे मूळ धुण्यात आहे. ते कलम वगळले. कोणी उघडू नये म्हणून कपाटाला कुलूप घातले. आणि पुस्तिका हरवू नये म्हणून तीही त्याच कपाटात ठेवली.

उरले एक कलम. मूळ मसुद्यात असे होते: "पाणबुड्याचे साहित्य दरमहा पाण्यात बुडवून तपासावे." 'बुडवून' हा शब्द अध्यक्षांना अशुभ वाटला. शुद्धलेखन आणि शब्दयोजना या बाबतीत मी खात्यात जरा नावाजलेला असल्यामुळे दुरुस्ती माझ्याकडे आली. मी लिहिले: "भांडारपालाने पाणबुड्यास व त्याच्या साहित्यास दरमहा पाण्यात पाहावे."

आता आमचा भांडारपाल पाणबुड्याला सहा वर्षांपासून पाण्यात पाहत होता. सहा वर्षांपूर्वी पाणबुड्याने निथळते बूट त्याच्या नव्या कोऱ्या साठा-वहीवर ठेवले होते, तेव्हापासून दोघांत बोलणे नव्हते. त्यामुळे या कलमाची अंमलबजावणी इतकी मनापासून झाली, की तशी दुसऱ्या कुठल्याही कलमाची झाल्याचे मला आठवत नाही. चौदा महिने त्याने सुवाच्य अक्षरात लिहिले, "पाण्यात पाहिले." त्याखाली हेडक्लार्कचे "पाहिले", त्याखाली माझे "पाहिले". यंत्र कपाटातून फक्त पाणबुड्या खाली जायच्या दिवशीच बाहेर येई.

एके दिवशी दुपारी पाणबुड्याची बायको कार्यालयात आली. ती शिवणकाम करते. हातात अर्ज होता.

"साहेब, यांचं ते यंत्र आतून कोणी बघितलंय का?"

मी वही पुढे केली. तिने चौदाही नोंदींवरून बोट फिरवले.

"हे नुसतं पाहिलं म्हणून लिहिलंय. उघडलं कोणी?"

"उघडायची परवानगी नाही, ताई."

"माझं शिलाई मशीन मी दर आठवड्याला उघडते. पुसते, तेल घालते. बिघडलं तर फार तर एक झंपर वाया जाईल." तिने वही मिटून माझ्याकडे सरकवली. "यांच्या स्वेटरला मी आतून दुहेरी अस्तर लावलंय. मला जमतं तेवढं केलं. पुढचं तुमच्याच हातात आहे ना?"

मला वाईट वाटले. खरोखरच वाटले, खोटे कशाला सांगू? मी तत्काळ तिच्या अर्जावर "पाहिले" असे लिहून सही केली आणि अर्ज पुढच्या टेबलावर पाठवला.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी अकराला पाणबुड्या खाली उतरला. नवव्या मिनिटाला तळ्याचे पाणी उकळी फुटल्यासारखे बुडबुडू लागले आणि दोरीला तीन झटके बसले. मेहुण्याने दोरी ओढायला घेतली. एकदम वर ओढले तर छाती फुटते, सावकाश ओढले तर हवा संपते, आणि या दोन्हींच्या मधला वेग त्याला एकट्याला ठरवायचा होता. शेवटचे सहा मीटर पाणबुड्या रिकाम्या टाकीने आला. काठावर तो बराच वेळ पालथा पडून होता. मेहुणा त्याच्या शेजारी बसून राहिला. वळलेली बोटे उघडेनात, म्हणून दोरी त्याच्या हातातच होती.

अहवाल मी लिहिला. "कर्मचारी नियोजित वेळेआधी परतला. रेग्युलेटरने हवा अखेरपर्यंत अखंड दिली. दालनात आणून तपासले असता यंत्रात बर्फ आढळला नाही" (हीटर चालू होता). रीतसर चौकशीही झाली. भांडारपालाला विचारण्यात आले, "तुम्ही खरोखर पाण्यात पाहिले होते?"

"पहिल्या दिवसापासून, साहेब. सगळ्या ऑफिसला माहीत आहे."

अकरा साक्षीदारांनी दुजोरा दिला. खात्याच्या चौकशीत साक्षी इतक्या एकसारख्या क्वचितच निघतात. प्रकरण बंद झाले.

आता एवढेच सांगायचे राहिले, की जाळी त्या दिवशी अर्धीच साफ झाली. नळांना पाणी कमीच आहे आणि फोन चालू आहेत (फोन करणाऱ्यांची यादी आमच्याकडे आहे, आपले नाव तिसऱ्या पानावर आहे). म्हणून पाणबुड्या उद्या सकाळी दहाला पुन्हा उतरणार आहे. रेग्युलेटर तोच, निळा. मेहुण्याने दोरी बदलून मागितली आहे आणि बायकोने स्वेटरला तिसरे अस्तर लावले आहे. तिचा अर्ज पाच टेबले फिरून, पाच "पाहिले" घेऊन माझ्याकडे परत आला आहे. त्यावर खाली आणखी एका सहीपुरती जागा आहे.

वाचकहो, आपण हे सगळे शेवटपर्यंत वाचलेत. काय गोठते, का गोठते, कोणता रेग्युलेटर घ्यायला हवा होता आणि उद्या दहाला कोण उतरणार, हे आता आपल्यालाही ठाऊक आहे. मध्ये एकदोनदा हसलातही असाल. आता आपण पान उलटणार. त्यासाठी पेन शोधत बसू नका. त्या रिकाम्या जागेत आपल्या वतीने मी "पाहिले" लिहून ठेवले आहे.