कोठारे मास्तरांची खिडकी

गुण अंधारातही टिकतात. रूपाला मात्र उजेड लागतो, आणि लग्नं रूपावर ठरतात. हे थोर सत्य गिरगावातल्या अनंतभुवन चाळीला अच्युतराव कोठारे यांनी शिकवलं. अच्युतराव शाळेत ड्रॉइंग मास्तर. मुलांकडून मडक्याचं चित्र काढून घेताना त्यांच्या लक्षात आलं, की मडकं तेच असलं तरी खिडकीशी जरा फिरवून ठेवलं की उठून दिसतं. हा शोध त्यांनी मडक्यांपुरता ठेवला नाही, हे चाळीचं भाग्य.

त्यांच्या खोलीला रस्त्याकडे मोठी पश्चिमेची खिडकी होती. चाळीतली प्रत्येक उपवर मुलगी तिथेच दाखवावी, असा चाळसमितीचा ठराव होता (विरोधात एक मत, त्या गृहस्थांना सगळे मुलगेच होते). व्यवस्था शास्त्रशुद्ध. मुलीने आतल्या भिंतीशी, खिडकीकडे तोंड करून बसायचं. भिंतीला सायीसारखा रंग, पुढ्यात पांढरी चादर. म्हणजे उजेड खालून उसळतो आणि हनुवटीखालची सावली जाते. गोरी मुलगी कधीही दाखवावी. सावळी उन्हं कलल्यावर दाखवावी; तेव्हा ती निमगोरी होते. त्याहून सावळी असल्यास पोह्यांत खोबरं जास्त घालावं. पाहुण्यांनी खिडकीकडे पाठ करून बसायचं. का, असं विचारलं की मास्तर म्हणत, "पाहुण्यांना वारा नको?" या खोलीत शेकडा ब्याण्णव मुली पसंत झाल्या (उरलेल्यांच्या वेळी आभाळ भरून आलं होतं).

आणि मग पाळी आली मास्तरांच्याच नलूची. आधीची स्थळं पत्रिकेवरच फिसकटलेली. हे दादरचं स्थळ गेलं तर पोरीचं काय होणार, ही तिच्या आईला, उर्मिलाबाईंना, काळजी. मुलगा मनमोहन, सरकारी कचेरीत हेडक्लार्क, मुंबईसाठी रक्त सांडायला एका पायावर तयार (असं त्याच्या आईने पत्रात कळवलं होतं).

नेमका त्या दिवशी खालून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघाला. घोषणा, धावपळ, पोलिसांच्या शिट्ट्या. मुलाच्या आई कौसल्याबाई खिडकीपाशी मांडलेल्या खुर्च्या पाहून दारातच थबकल्या.

"अगंबाई! तिथे बसायचं? आणि दगड आला म्हणजे?"

"मुंबईसाठी एवढं..." मास्तर चाचरले.

"मुंबई आपलीच आहे हो. पण डोकंही आपलंच ना!"

मुंबईसाठी रक्त सांडणारे चिरंजीव या मुद्द्यावर आईशी सहमत होते. त्यांनी जातीने खुर्च्या उचलून आतल्या भिंतीशी नेल्या. नलूला खिडकीखालची जागा उरली (मुलीला दगड लागला तर चालेल का, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता).

झालं! मास्तरांची सगळी कला उलटी झाली. नलू म्हणजे नुसती काळी आकृती, आणि भिंतीच्या, चादरीच्या उसळत्या उजेडासकट सगळं ऊन मनमोहनवर. मिशीचा कलप ओठावर उतरलेला दिसला. त्याचं एक वेळ सोडा. पण "स्वयंपाक येतो?" विचारताना त्याची नजर आईकडे गेली. आईने मान हलवली. "शिवण येतं?" पुन्हा आईकडे. "गाणं?" आईने डोळे वटारले, तसं त्याने गाणं मागे घेतलं. पाठीमागे खिडकी असती तर यातलं काही कुणाला दिसलं नसतं.

शेवटी कौसल्याबाई रीतीप्रमाणे म्हणाल्या, "तुलाही काही विचारायचं असेल तर विचार हो." (या वाक्याला उत्तर देण्याची पद्धत नव्हती.)

"विचारायचं काही नाही," नलू म्हणाली. "दिसलं सगळं. मला पसंत नाही."

पाहुणे मोर्चा ओसरण्याचीही वाट न बघता गेले. मास्तर कपाळाला हात लावून बसले. "कार्टे, एवढं काय वाईट दिसलं तुला?"

"तुम्हाला नाही दिसलं, बाबा?"

मास्तरांना दिसलं होतं. उर्मिलाबाई बशा गोळा करत म्हणाल्या, "मला बघायला आलात, तेव्हा तुम्ही उजेडाकडे पाठ करूनच बसला होतात. तुमचं नाक मी अक्षता पडल्यावर पाहिलं."

"मग?"

"मग काय? अक्षता पडल्या होत्या ना!"

चाळसमितीने तातडीची सभा घेतली. खिडकीला जाड पडदा लावावा आणि यापुढे मुली विजेच्या दिव्याखाली दाखवाव्यात, दिव्याची शेड फक्त मुलीच्या बाजूने उघडी असावी, असा ठराव झाला. एकमताने. सभेला सगळे पुरुषच होते.

हसताय? हसा. पण आज पानावर बसल्यावर घरात सहज विचारून बघा, बघण्याच्या दिवशी खिडकी कुणाच्या पाठीमागे होती. उत्तर द्यायला बायको जरा थांबली, तर पुढचं विचारू नका. वाढलंय ते मुकाट्याने जेवा.