मंडळींचे भविष्य

"अहो, आपल्या चर्चमध्ये भविष्य कधीपासून सांगायला लागले?"

रूथबाईंनी दारातूनच विचारलं. त्यांच्या एका हातात बांगड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात मच्छीबाजारात मिळालेलं एक गुलाबी हँडबिल. पाळक शांतवन रणभिसे यांनी चष्मा लावून ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. अक्षरं बदलली नाहीत.

'संकटकाळात मंडळींचे भविष्य! सांगणार : कोल्हापूरचे सातपुते. रविवारी दुपारी चार वाजता, मिशन चर्च. सर्वांना मोफत.'

ख्रिस्ती लोक चर्चच्या समाजाला मंडळी म्हणतात. रत्नागिरीतली पाळकांची मंडळी म्हणजे एकूण अकरा माणसं, आणि तीही ते स्वतः व त्यांच्या पत्नी रूथबाई धरून. पंधरा वर्षांपूर्वी ऐंशी होती. तरुण नोकरीसाठी मुंबईला गेले, त्यांची मुलं सांभाळायला म्हातारेही गेले. आता कोल्हापूरच्या समितीनं कळवलं होतं, की सुपरिंटेंडेंट रेव्हरंड एलिया सातपुते येऊन पाहणी करतील आणि परिस्थिती अशीच असेल तर चर्चला टाळं लावून पाळकांची बदली करतील. येताना ते एक भाषणही देणार होते. विषय त्यांनीच कळवला होता : 'संकटकाळात ख्रिस्ती मंडळीचे भविष्य'. गावातले पाचपंचवीस लोक ऐकायला आले, तर बाकं एवढी ओकीबोकी दिसणार नाहीत, या आशेनं पाळकांनी हँडबिलं छापायला टाकली होती.

ते तसेच छापखान्यात गेले. धोंडू अक्षरांचे खिळे जुळवत बसला होता.

"धोंडू, यातला 'ख्रिस्ती' कुठं गेला?"

"'ख्रि'चा खिळा मोडलाय हो. तुमच्याशिवाय तो लागतोय कुणाला? म्हटलं, शब्दच काढू. अर्थ तर लागतोय ना?"

"आणि हा अनुस्वार?"

"मंडळीवरचं टिंब तुम्ही विसरलात, ते मी दिलं."

"आणि 'सांगणार'? आणि 'मोफत'?"

"'वक्ते' बघून कोण येतंय, पाळकसायब? आणि खाली जागा रिकामी दिसत होती." धोंडू हसला. "वाटायची काळजी करू नका. स्टँडवर दिली, मिरजोळ्याला कारखान्यांच्या फाटकावर दिली, देवरूखच्या गाडीतपण शंभर टाकली. देवाचं काम हाय, पैसे नको वाटायचे."

रविवारी सकाळी सातपुते आले. उंच, करडे, हातात काळी फाईल. पाळकांनी त्यांना खरं सांगायचा तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा रूथबाईंनी आमटी आणली, दुसऱ्यांदा सातपुत्यांनी शिस्तीवर बोलायला सुरुवात केली आणि तिसऱ्यांदा पाळकांचाच धीर सुटला.

साडेतीन वाजता चर्चच्या पायऱ्यांवर चपला मावेनात. बाकं भरली, भिंतीलगतची जागा भरली, बायका पोरांना घेऊन जमिनीवर बसल्या. मंडळीतल्या उरलेल्या नऊ जणांना मागं खिडकीपाशी उभं राहावं लागलं.

"रणभिसे," सातपुते हळूच म्हणाले, "तुमच्या अहवालात अकरा लिहिलेत. एवढा विनय बरा नाही."

"साहेब, ते जरा..."

पण सातपुते व्यासपीठावर चढले होते. एवढे श्रोते त्यांना आयुष्यात मिळाले नव्हते. त्यांनी दोन्ही हात पसरले आणि घनगंभीर आवाजात विचारलं, "मंडळी, उद्या आपलं काय होणार, हा प्रश्न तुम्हाला छळतो ना?"

"होय!" सगळं चर्च एका आवाजात म्हणालं.

सातपुते सुखावले. "मग आज त्याचं उत्तर घेऊनच घरी जायचं!"

त्याबरोबर दीडशे माणसं उठली. कुणी पिशवीतून पत्रिका काढली, कुणी उजवा हात पुढं केला. सगळ्यांत आधी व्यासपीठ गाठलं ते रावजींनी. ते जहाजावरून निवृत्त झालेले खलाशी होते आणि गर्दीतून वाट काढण्याची त्यांना सवय होती.

"माझ्या थोरल्याचं आधी बघा. आखातात जहाजावर गेलाय. चार महिने कायपण कळलेलं नाय."

"माझा घो मुंबैला गिरणीत हाय," मिरजोळ्याची सोनूबाई मागून ओरडली. "संप लागल्यापासून एक पत्र नाय. तो हाय का नाय, तेवढंच सांगा. बाकी काय नको."

सातपुत्यांनी समोर आलेल्या पत्रिकेकडं पाहिलं, मग पाळकांकडं पाहिलं. पाळकांना वाटलं, टाळं कोल्हापुराहून आणायचीही गरज नाही, साहेब आत्ताच बाजारातून विकत आणतील. पाळक व्यासपीठावर चढले.

"मंडळी, माफ करा. छपाईत चूक झाली. आम्हाला भविष्य कळत नाही. कळलं असतं, तर आमचं आधी पाहिलं नसतं का? हे चर्च पुढच्या महिन्यात उघडं असेल की नाही, हेसुद्धा मला माहीत नाही."

कुजबुज झाली. मागचे दोघंतिघं चपला शोधायला निघाले. सोनूबाई मात्र हलली नाही.

"भविष्य नाय तर नाय. पण मी चालत आलेय. माझं ऐकून तरी घ्या."

तिचं ऐकून घ्यावं लागलं. तिचा नवरा सखाराम लालबागला एका चाळीत राहत होता. लालबाग म्हटल्याबरोबर खिडकीपाशी उभी असलेली सत्तरीची मार्थाबाई म्हणाली, "आमचा शमुवेल तिथंच जवळ असतो. चिठ्ठी टाकली तर जाऊन बघेल की."

पाळकांच्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं. मुंबईला गेलेल्या एकोणसत्तर माणसांचे पत्ते त्यांच्या वहीत होते. आजवर ते ही वही उघडायचे ती फक्त उसासा टाकण्यासाठी. आता त्यांनी ती टेबलावर आपटली. "कुणाचं माणूस कुठं आहे, सांगा!"

परळला एक कंपाउंडर होता, डिलाईल रोडला दोन शिक्षक, गोदीत एक कारकून. तो रावजींच्या मुलाच्या जहाजाची चौकशी करू शकत होता. रूथबाईंनी मुलांच्या रविवारच्या शब्बाथशाळेच्या वह्यांची पानं फाडली. पाळक लिहू लागले. दोन हातांनी आवरेना, तेव्हा त्यांनी भीतभीत सातपुत्यांकडं पाहिलं.

सातपुत्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. "पेन द्या इकडं. बाई, नाव काय म्हणालात नवऱ्याचं?"

सहा वाजेपर्यंत त्रेपन्न चिठ्ठ्या झाल्या. भविष्य कुणालाच कळलं नाही. पण जाताना बायका आपापसांत मोठमोठ्यानं बोलत होत्या, आणि रावजींनी तर पाळकांच्या पाठीवर खलाशाची थापच मारली.

चर्च रिकामं झालं. सातपुत्यांनी काळी फाईल उघडली. "रणभिसे, मी खोटं लिहिणार नाही. तुमची मंडळी अकराच आहे."

"होय साहेब."

सातपुत्यांनी पेनाचं टोपण काढलं. इतक्यात सोनूबाई परत आली.

"जबाब कुठं येनार वो? मला वाचता येत नाय."

"इथंच. सगळ्या चिठ्ठ्यांवर इथलाच पत्ता घातलाय ना मी," सातपुते चटकन म्हणाले. "रविवारी या, वाचून दाखवतील."

"आणि टाळं असलं तर?"

सातपुत्यांनी उघड्या फाईलकडं पाहिलं. मग त्यांनी टोपण पुन्हा लावलं आणि जरा चिडूनच म्हणाले, "टाळं कसं असेल? पोस्टमननं त्रेपन्न पत्रं काय माझ्या घरी कोल्हापूरला आणून टाकायची?"