रिकाम्या चौकटी आणि बेपत्ता घोडे

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही महिनाभर खपून घोडे काढलेत. खोगिराचे, बिनखोगिराचे, एक तर शिंकणारासुद्धा. आजीच्या गोष्टींच्या पुस्तकात ते ऐटीत जाऊन बसले. आणि सकाळी पाहता, तर अक्षरं सगळी जागेवर, पण घोडा एकही नाही. प्रत्येकाच्या जागी नुसती रिकामी चौकट.

नारीन गावातल्या पेरीझातचं असंच झालं. त्यात छापखान्याचे दुइशेनकाका दुपारी कुलूप लावून उन्हाळी कुरणावर निघायचे होते. त्यांच्याच ट्रकमधून आजी जाणार, आणि निघण्याआधी पुस्तक तिच्या हातात पडायला हवं होतं.

"घाबरू नकोस," सपरबेकमामा म्हणाले. "घरात मी आहे."

मामा म्हणजे, त्यांच्याच शब्दांत, तिएनशान पर्वताच्या दोन्ही बाजूंचा सर्वांत तल्लख गुप्तहेर. नजर ससाण्याची, स्मरणशक्ती उंटाची. सकाळपासून ते चष्मा शोधत होते आणि तो त्यांच्या कपाळावर होता, ही गोष्ट वेगळी. एरवी ते संगणकावर पुस्तकांची पानं जुळवत. मजकूर आणि हुकूम एका फाइलीत लिहायचे, की सॉफ्टवेअर पानं मांडून देतं. कालच त्यांनी कुठलासा हुकूम देऊन ते काम झपाट्यानं उरकून दाखवलं होतं आणि स्वतःचीच पाठ थोपटली होती.

या सॉफ्टवेअरच्या वेड्यांचा एक ऑनलाइन गट होता. मामांनी तिथे लिहिलं, "घोडेचोरी झाली आहे. कोणीही जागा सोडू नये."

"चहा झाला का, सपरबेक?" ओश शहरातल्या नुरगाझी मास्तरांनी गटात विचारलं. "मग लहानात लहान नमुना पाठव."

गटात कोणीही अडचण मांडली, की हेच उत्तर मिळे. फाइल अर्धी कापा. बिघाड तसाच राहिला, तर आणखी कापा. उरेल त्यात बिघाड लपलेला असतो.

"गुप्तहेर नमुने पाठवत नाही, मास्तर. गुन्हेगारांना तुरुंगात पाठवतो." मामा पेरीझातकडे वळले. "हे बघ, चोर उद्दाम आहे. प्रत्येक चौकटीत पाटी ठेवून गेलाय. घोडा तीन, घोडा सात."

"मामा, ती माझ्या चित्रांच्या फाइलींची नावं आहेत."

"म्हणजे चोराला तुझ्या फाइली ठाऊक आहेत. काल गटात तुझ्या घोड्यांचं कौतुक कोणी केलं? अल्माटीच्या बोतागोझनं. हेतू सापडला."

बोतागोझनं लगेच लिहिलं, "उन्हाळा लागलाय, दादा. कुरणावर गेले असतील चरायला."

मामांनी वहीत 'कुरण' असं टिपून घेतलं. "शिंकणारासुद्धा?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

पेरीझातनं घड्याळाकडे पाहिलं. मग फाइलीची नक्कल करून तिनं अर्ध्या गोष्टी उडवल्या. चौकट होतीच. उरलेल्यातल्या अर्ध्या उडवल्या. चौकट हलेना. असं करता करता मोजक्या ओळी आणि एकच घोडा उरला. अगदी पहिल्या ओळीत, कंसात, एक शब्द होता. तिनं तो नमुना गटात पाठवला.

"शाब्बास, पोरी," मास्तरांनी लिहिलं. "हा शब्द म्हणजे 'प्रत कच्ची आहे' असा हुकूम. मग चित्रं काढत न बसता फक्त त्यांची जागा आखली जाते. काम झटपट होतं. छापण्याआधी तेवढा पुसायचा असतो."

पेरीझातनं तो पुसला. सगळे घोडे परत आले. शिंकणारा पहिल्या पानावर शिंकत होता.

"पण तो घातला कोणी?" बोतागोझनं विचारलं.

मामा पुन्हा चष्मा शोधू लागले. टेबलाखाली शोधताना तिथूनच त्यांचा आवाज आला, "पेरी, गुप्तहेराला थोडी अब्रू असते गं."

पेरीझातनं गटात लिहिलं, "घोडे सापडले. चोर घरातलाच निघाला. नाव गुप्त आहे. तो आता सगळ्यांसाठी चहा करतोय."

मामा टेबलाखालून बाहेर आले आणि त्यांनी किटली चढवली.

छापखान्याला फाइल पाठवण्याआधी पेरीझातनं शेवटच्या पानावर एक मोठी रिकामी चौकट आखली. तिच्याखाली लिहिलं, 'या घोड्यांचा माग काढणारे थोर गुप्तहेर'. मग पाठवायचं बटण दाबलं, आणि बशीतला बोर्सोक, म्हणजे पिठाचा तळलेला गोळा, उचलून मामांनी केलेल्या चहात बुडवला.